विराटाची सभा आणि सत्तेचे घराणे

प्रश्न : आमचे गाव अचलपूर तालुक्यात, चिखलदऱ्याच्या पायथ्याशी आहे. कापसाची वेचणी आटोपली की गावातील तरुण पारावर नाटक करतात. यंदा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सत्ता भोगणाऱ्या एका घराण्यावर उपरोधिक नाटक लिहिले असून घराण्याचा प्रमुख धृतराष्ट्र आणि मुलगा दुर्योधन दाखवला आहे. महाभारतात राजकारण आणल्याबद्दल काही ज्येष्ठ मंडळी नाराज आहेत. आपले मत कळवावे.
— एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : ज्येष्ठांची श्रद्धा मोलाचीच आहे, परंतु ज्या ग्रंथातले सारे अनर्थ गादी कोणाची या वादातून घडतात, त्यात राजकारण बाहेरून आणावे लागत नाही. आदिपर्वातल्या भरत राजाला आपल्या नऊ पुत्रांपैकी एकही योग्य वाटत नाही आणि पुढे भरद्वाजाच्या कृपेने लाभलेल्या भुमन्यूला तो युवराज करतो. दुर्योधनाच्या जन्मावेळी विदुर धृतराष्ट्राला बजावतो, ‘त्यजेदेकं कुलस्यार्थे ग्रामस्यार्थे कुलं त्यजेत्’, म्हणजे कुळासाठी एकाचा आणि गावासाठी कुळाचाही त्याग करावा. घराणेशाहीविरुद्ध याहून रोखठोक बोल शोधूनही सापडणार नाहीत.

मराठी रंगभूमीलाही हे नवे नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९०७ सालच्या ‘कीचकवध’ नाटकात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचे नाव नव्हते, तरी कीचकाची मग्रुरी कोणाची हे प्रेक्षकांनी अचूक ओळखले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. तुमच्या तरुणांनीही नावे आणि पक्षचिन्हे टाळावीत.

माझा आक्षेप वेगळा आहे. धृतराष्ट्राच्या आंधळेपणावर हशा पिकवू नये. त्याचा दोष डोळ्यांत नव्हता, पुत्रमोहात होता, आणि समोर बसलेल्या एखाद्या अंध माणसाच्या तो हशा जिव्हारी लागेल. शिवाय हस्तिनापूरपर्यंत जावेच कशाला? भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत लोटले असे आपल्याकडे सांगतात, ती दरी, भीमकुंड आणि वैराट हे सारे तुमच्या गावावरच्या डोंगरातच आहे. पांडव अज्ञातवासात ज्याच्याकडे राहिले, त्या विराट राजाचा कीचक हा मेहुणा आणि सेनापती. कंत्राटापासून रेशन दुकानापर्यंत पुढाऱ्यांच्या सोयऱ्यांचा वट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे नाते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

भर सभेत, राजाच्या डोळ्यांदेखत कीचक सैरंध्रीला, म्हणजे दासीच्या वेशातल्या द्रौपदीला, लाथ मारतो. ती दाद मागते, तेव्हा विराट म्हणतो की तुमचा वाद माझ्या माघारी झाला आहे, खरे काय ते कळल्याशिवाय मी न्याय कसा करू! सभासद तिची वाहवा करतात, कीचकाची निंदाही करतात. पण कीचकाला हात लावायला एकही जण उठत नाही. हा प्रसंग एका शब्दाचीही भर न घालता, सावकाश, सैरंध्रीला शेवटपर्यंत प्रेक्षकांसमोर ठेवून करावा. नाराज ज्येष्ठांना तालमीला आग्रहाने बोलवावे आणि विराटपर्वातला तो अध्याय आधी त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावा.