लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कच्या मायग्रेशनमध्ये (डेटाबेसची टेबले बनवणाऱ्या किंवा बदलणाऱ्या फाइलमध्ये) फॉरेन की (एका टेबलातील कॉलम दुसऱ्या टेबलाच्या आयडीशी बांधणारा नियम) जोडताना १५० क्रमांकाची एरर येते. फॉरेन की चेक्स (हा नियम पाळला जातो का, याची तपासणी) बंद करून पुढे जावे का?

तुमच्या वर्णनानुसार ग्राहकांचे टेबल जुने आहे, ऑर्डरचे टेबल नव्या मायग्रेशनमधून तयार होते आहे आणि फॉरेन कीच्या ओळीशी येऊन मायएसक्यूएल (तुमचा डेटाबेस) अडते आहे. सहकाऱ्याने चेक्स बंद करायला सुचवले असले, तरी तसे करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दोन कॉलमचे टाइप जुळत नसतील, तर चेक्स बंद असतानाही मायएसक्यूएल ती की स्वीकारत नाही, आणि तुमच्याकडे बहुधा तेच घडले आहे.

लारावेल ५.८ (२०१९) पूर्वीच्या मायग्रेशनमध्ये आयडीसाठी सर्रास 'इन्क्रिमेंट्स' वापरले जाई, म्हणजे ३२ बिटांचा अनसाइन्ड इंट (ऋण संख्या न घेणारा पूर्णांक), ५.८ पासून 'बिगइन्क्रिमेंट्स' रूढ झाले, आणि पुढे सातव्या आवृत्तीत आलेले 'फॉरेनआयडी' तर थेट अनसाइन्ड बिगइंटच (६४ बिटांचा) तयार करते. ग्राहकांच्या टेबलावर 'शो क्रिएट टेबल' हा टेबलाची रचना दाखवणारा आदेश चालवा. तिथे आयडीपुढे नुसते 'इंट अनसाइन्ड' दिसले, तर नव्या टेबलातील कॉलम 'अनसाइन्डइंटिजर' ठेवा आणि फॉरेन की वेगळ्या ओळीत लिहा. जुना आयडी बिगइंट करण्याचा मोह होईल, पण त्याच्याकडे बोट दाखवणारे प्रत्येक टेबल मग बदलावे लागते. टाइप जुळूनही एरर राहिली, तर 'शो एंजिन इनोडीबी स्टेटस' या आदेशात शेवटच्या फॉरेन की एररचे कारण सविस्तर मिळते.

दुरुस्तीनंतर 'टेबल आधीच अस्तित्वात आहे' असा संदेश आला, तर गोंधळू नका. लारावेल आधी टेबल बनवते आणि की नंतर जोडते. मायएसक्यूएलमध्ये टेबलाच्या रचनेतील बदल ट्रान्झॅक्शनने (सगळे बदल एकत्र लागू किंवा रद्द करण्याच्या सोयीने) मागे घेता येत नाहीत, त्यामुळे पहिल्या प्रयत्नातले अर्धवट टेबल तसेच उरते. ते रिकामे असल्याची खात्री करून काढून टाका. (पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ही अडचण येत नाही.)

चेक्सबद्दल मी इतक्या आग्रहाने लिहितो, कारण एका प्रकल्पात मी स्वतः ते बंद करून जुना डेटा भरला होता. चेक्स पुन्हा चालू केल्यावर मधल्या काळात शिरलेल्या ओळी मायएसक्यूएल तपासत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे ग्राहकवार बेरीज आणि एकूण बेरीज जुळेना, तेव्हा लेफ्ट जॉइन (प्रत्येक बिल ग्राहकांच्या टेबलाशी ताडून पाहणारी क्वेरी) लावून पाहिले. काही बिलांवरचे ग्राहक आयडी ग्राहकांच्या टेबलात नव्हतेच. ती बिले कोणाची, हे कागदपत्रांवरून शोधण्यात कित्येक दिवस गेले.

'डाउन'मध्ये (मायग्रेशन मागे घेणाऱ्या भागात) कॉलम काढण्यापूर्वी फॉरेन की काढणारे 'ड्रॉपफॉरेन' लिहायला विसरू नका. त्याला कॉलमचे नाव अ‍ॅरेमध्ये द्या, कारण नुसती स्ट्रिंग दिल्यास लारावेल तिला कॉन्स्ट्रेंटचेच (म्हणजे फॉरेन कीच्या नियमाचेच) नाव समजते.