मिडीवर वाजवलेला तीनताल द्रुत लयीत का अडखळतो? त्यासाठी हाय-रेझोल्यूशन ऑडिओ ड्रायव्हर टाकावा का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: उबुंटू लिनक्सवर तीनतालाची रेकॉर्ड केलेली फाइल सरळ वाजते, पण तोच ठेका मिडी फाइल (आवाज नव्हे, कोणता बोल कधी वाजवायचा याचे निरोप) आणि तबल्याचा साउंडफाँट (वाद्याच्या आवाजांचा संच) लावून सिक्वेन्सरने (निरोप वेळेवर पाठवणारा प्रोग्राम) फ्लुइडसिंथमधून (निरोपांचा आवाज बनवणारा प्रोग्राम) वाजवला की द्रुत लयीत बोल मागेपुढे पडतात. बफर, म्हणजे वाजण्याआधी आवाज भरून ठेवायची जागा, 1024 नमुन्यांचा आहे (नमुना म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं मोजमाप). मग ‘हाय-रेझोल्यूशन’ ड्रायव्हर घ्यावा का?

नको. जाहिरातीतलं ‘हाय-रेझ’ म्हणजे 24 बिट, 192 किलोहर्ट्झ वगैरे. त्याने लय सुधारत नाही. तुम्हाला हवंय ते वेळेचं रेझोल्यूशन. ते फुकट आहे आणि बहुधा तुमच्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आधीच आहे.

रेकॉर्ड केलेली फाइल वाजताना वेळ कॉम्प्युटर राखतच नाही, साउंड कार्डावरचा स्फटिक राखतो. ड्रायव्हर बफर भरून ठेवतो आणि कार्ड सेकंदाला 48,000 या ठरलेल्या वेगाने नमुने उपसत राहतं. गच्चीवरच्या टाकीसारखं आहे हे. पंप पाच मिनिटं उशिरा लागला तरी टाकी रिकामी होईपर्यंत नळाला त्याचा पत्ता नसतो. मिडीत मात्र पाणी नसतंच, ‘आता धा वाजव’ एवढा निरोप असतो आणि तो त्या क्षणीच पोचावा लागतो. तो क्षण कॉम्प्युटरचा टायमर ठरवतो.

जुना हिशेब असा होता की कर्नल सेकंदाला 100, 250 किंवा 1000 ठोके मोजणार आणि कुणालाही उठवायचं तर पुढच्या ठोक्यावर. 100 ठोके म्हणजे 10 मिलिसेकंदांची पायरी, 250 म्हणजे 4 ची. आता 240 च्या लयीत एक मात्रा 250 मिलिसेकंदांची आणि मात्रेत चार बोल धरले तर दोन बोलांत अंतर 62.5 मिलिसेकंद. त्यात 10 इकडेतिकडे झाले की तबलजी तोंड वाकडं करणारच. सगळेच बोल सारख्या उशिराने आले तर चालून जातं, खटकतो तो दर बोलागणिक बदलणारा उशीर. रोझगार्डन हा सिक्वेन्सर ‘सिस्टम टायमरचं रेझोल्यूशन कमी आहे’ अशी सूचना द्यायचा, ती याचसाठी.

यावरचा उपाय थॉमस ग्लाइक्स्नर आणि इंगो मोलनार या कर्नल लिहिणाऱ्यांच्या कामातून आला. 2006 मध्ये 2.6.16 कर्नलमध्ये पाया पडला आणि 2007 च्या 2.6.21 पासून हाय-रेझोल्यूशन टायमर खरोखर चालू झाले. ठोक्याची वाट न बघता प्रोसेसरच्या टायमरलाच पुढचा गजर लावायचा, हिशेब नॅनोसेकंदांत ठेवायचा. लिनक्समध्ये आवाजाचं खातं सांभाळणाऱ्या आल्साचा ‘एचआर टायमर’ यावरच उभा आहे. पुढे पल्सऑडिओने (सगळ्या प्रोग्रामांचा आवाज कार्डापर्यंत नेणारा प्रोग्राम) हेच वापरून उलटी गंमत केली: कार्डाच्या इंटरप्टवर, म्हणजे ‘आणखी द्या’ या हाकेवर, विसंबण्याऐवजी मोठा बफर भरायचा आणि तो संपण्याआधी उठवणारा गजर लावायचा. त्यात कार्डाचा स्फटिक आणि प्रोसेसरचं घड्याळ कधीच तंतोतंत जुळत नाहीत, हे सतत सांभाळावं लागतं. दशलक्षात 50 चा फरक म्हटलं तर नगण्य, पण तासाभरात तो 180 मिलिसेकंद होतो.

तुमच्याकडे टायमर कोणता आहे ते बघायला ‘प्रॉक’मधल्या ‘असाउंड’ फोल्डरातली ‘टायमर्स’ ही फाइल उघडा. त्यात ‘एचआर टायमर’ची ओळ नसेल तर त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) मॉडप्रोब या आज्ञेने चढवा आणि सिक्वेन्सरमध्ये तो टायमर निवडा.

पण खरं सांगू? माझा पहिला संशय टायमरवर नाही, तुमच्या 1024 वर आहे. 48,000 ला 1024 नमुने म्हणजे 21.3 मिलिसेकंद. फ्लुइडसिंथ एका दमात तेवढा आवाज तयार करतो, मधे आलेला निरोप पुढच्या खेपेपर्यंत ताटकळतो. कधी 2 मिलिसेकंद, कधी 20. निरोप नॅनोसेकंदाच्या नेमाने आला तरी दार बंदच. बफर आधी 128 वर आणा, म्हणजे 2.7 मिलिसेकंद. मी स्वतः एक अख्खा रविवार कर्नल बदलण्यात घालवला होता, आणि शेवटी फरक पडला तो या एका आकड्याने.

बफर लहान केल्यावर आवाज तडतडू लागला तर गजर वेळेवर वाजतोय, पण प्रोग्रामला प्रोसेसर मिळत नाही असं समजा. मग त्याला रिअल-टाइम प्राधान्य, म्हणजे प्रोसेसरवर पहिला हक्क, द्या. बहुतेक ठिकाणी स्वतःला ‘ऑडिओ’ गटात घालून तशी परवानगी मिळते. लॅपटॉप असेल तर पॉवर सेव्हिंग बंद करून बघा, गाढ झोपलेला प्रोसेसर उठायला वेळ घेतो. पूर्ण रिअल-टाइम कर्नल 6.12 पासून मुख्य लिनक्समध्येच आला आहे, पण घरच्या रियाजाला तो लागेल असं मला वाटत नाही.

फरक कानाने ठरवू नका. आधीचा आणि नंतरचा ठेका ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामात रेकॉर्ड करा आणि लागोपाठच्या वीस-पंचवीस बोलांतली अंतरं मोजा. ती 62.5 च्या आसपास दोन-तीन मिलिसेकंदांत आली नाहीत, तर ते आकडे आणि ‘टायमर्स’ फाइलचा मजकूर इथे टाका, बघू.