त्याची बाजू घे

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऑडिशनला कुणीतरी म्हणालं, 'तुझे डोळे व्हिलनचे आहेत', आणि विधवा वहिनीची जमीन लाटणाऱ्या दिराचं काम देऊ केलं. तुला ते लागलं. मला मात्र जुन्या सिनेमातला नट चंद्रमोहन आठवला.

'प्रभात' फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली आणि १९३४ साली 'अमृतमंथन' निघाला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे आपले शांतारामबापू, यांनी सुरुवातीलाच राजगुरूच्या, म्हणजे गोष्टीतल्या राजाच्या धर्मगुरूच्या, डोळ्याचा असा क्लोजअप घेतला की पडदाभर तो एक डोळाच. हिंदी आवृत्तीतला हा राजगुरू म्हणजे चंद्रमोहन, आणि त्याचा हा पहिलाच सिनेमा. लोक अजून त्या घाऱ्या डोळ्यांचंच कौतुक करतात. मला राग येतो. अरे, मराठीत हाच राजगुरू केशवराव दात्यांनी केला, त्यांच्याकडे कुठे होते तसले डोळे? राजाने बळी बंद केले म्हणून हा त्याचा खून घडवून आणतो. का? देवी कोपेल, धर्म बुडेल, असं त्याला मनापासून वाटतं म्हणून. नट त्या भयाच्या बाजूने उभा राहिला, तरच प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. त्याची बाजू घे. एवढंच तुला सांगायचंय.

मी घेतली नव्हती. राज्य नाट्य स्पर्धेत सावकार केला होता. पहिल्या प्रवेशापासून मिशीला पीळ, आवाज टिपेला. टाळ्या पडल्या, आणि दुसऱ्या अंकात लोक हसायला लागले. आमचे म्हातारे प्रॉम्प्टर विंगेत म्हणाले, "तू त्याला आधीच फाशी देऊन स्टेजवर आलास." पुढच्या वर्षी तसंच काम आलं, मी नाही म्हटलं. शिक्का बसेल, ही भीती. लोक म्हणतात मी कच खाल्ली. पण घरात दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, नोकरी सांभाळून तालमी जमत नव्हत्या, हेही खरंच होतं. तरी तो नकार अजून सलतो.

शिक्क्याचं म्हणशील, तर राजगुरूनंतर पाच वर्षांनी, १९३९ साली, 'पुकार'मध्ये चंद्रमोहन जहांगीर झाला. नूरजहाँच्या बाणाने धोबिणीचा नवरा मरतो. न्याय मागायला आलेल्या त्या बाईपुढे बादशहा स्वतःचा जीव ठेवतो. डोळे तेच होते ना? मग १९४२ ला 'रोटी'तला लक्ष्मीदास. सोनं घेऊन पळतो आणि वाळवंटात पाण्यावाचून मरतो. १९४९ ला चंद्रमोहन गेला, जेमतेम बेचाळिसाव्या वर्षी. एवढ्याशा आयुष्यात त्याने काम नाकारण्यात वेळ घालवला असता तर काय उरलं असतं?

आणि तू तेविसाव्या वर्षी नायकाची वाट बघत बसणार! रागावू नकोस, माझ्याशिवाय तुला हे कोण सांगणार? तुझा दीर जमीन का लाटतो? मोठ्या भावाने घर चालवलं, पण बांधावर राबला कोण? सातबाऱ्यावर नाव कुणाचं लागलं? त्याच्या पोरीची फी थकली असेल. शोध. त्याची बाजू घे.

त्यांना नकार कळवला नसशील, तर कळवू नकोस. रविवारी सकाळी ये. वहिनीकडून कागदावर अंगठा घेतानाचा प्रवेश माझ्यासमोर करून दाखव, आवाज अजिबात न चढवता. वहिनीची वाक्यं मी म्हणेन.

तुझा,
काका