५ लाखांची मेडिक्लेम आहे, म्हणजे ५ लाखांपर्यंतचं बिल कंपनीच भरते ना? आईबाबांनाही त्यातच घेऊ का?

नाही भरत. हा गैरसमज आमच्या घराला ६५ हजारांना पडलाय, म्हणून लिहायला बसलो.

२०२२ साली पुण्यात आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पॉलिसी ३ लाखांची, रूम रेंटची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३ हजार. मला हे माहीत होतं. ॲडमिशनच्या खिडकीशी ट्विन शेअरिंगचा फॉर्म भरत होतो, तेवढ्यात दाजी आले. "आईंना परक्या पेशंटशेजारी झोपवणार? सिंगल एसी घ्या. दिवसाला तीनच हजार जास्त ना? चार दिवसांचे बारा हजार मी भरतो." माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनीच खूण केली. ताईसमोर काय वाद घालणार?

डिस्चार्जला बिल १ लाख ८० हजार, मंजूर १ लाख १५ हजार. दाजी टीपीए डेस्कवर (विमा क्लेम हाताळणारी खिडकी) ओरडले, "लुटायला बसलेत!" कुणी लुटलं नव्हतं. बऱ्याच हॉस्पिटलांत खोलीचा वर्ग बदलला की सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर (ओटी), नर्सिंग, सगळ्यांचेच दर चढतात. डॉक्टर तोच, ऑपरेशन तेच. म्हणून कंपनी खोलीचं प्रमाण या खर्चालाही लावते. ६ हजारांच्या खोलीचे ३ हजार मान्य, म्हणजे निम्मे. मग सर्जन-ओटी वगैरेंच्या ९० हजारांतलेही निम्मे, ४५ हजार गेले. खोलीचे १२ गेले. ग्लोव्हज, मास्क वगैरे विम्यात न मिळणाऱ्या वस्तूंचे ८. औषधांचे ४० आणि तपासण्यांचे १८ हजार तेवढे पूर्ण मिळाले, कारण त्यांना ही कपात लावायची नाही, असं विमा नियामक आयआरडीएआयने २०२० मध्ये ठरवून दिलंय.

आणि तो एसी? आईला एसी सोसत नाही. पहिल्या रात्री डोक्यावरून शाल घेऊन म्हणाली, "बंद कर रे ते." चारही दिवस बंद होता.

तेव्हा ५ लाखांचा आकडा बाजूला ठेवा आणि पॉलिसीत रूम रेंट, को-पे (प्रत्येक क्लेममधला तुम्ही भरायचा ठरावीक टक्का), वेटिंग पिरियड (क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ) हे तीन शब्द शोधा. एजंटला विचारू नका, तो "सगळं कव्हर आहे" म्हणणारच. आधीपासूनच्या आजारांना वेटिंग आता जास्तीत जास्त ३ वर्षं असतं, एप्रिल २०२४ पर्यंत ते ४ होतं. मोतीबिंदू, हर्निया, खडे यांना बहुतेक पॉलिसींत वेगळी २ वर्षं. आईबाबांना त्यातच घ्यायचं म्हणाल तर मी वेगळी काढेन, म्हणजे त्यांच्या एका ॲडमिशनमध्ये तुमचं कव्हर संपणार नाही. बाकी त्यांची वयं, शुगर-बीपी कळल्याशिवाय काय सांगणार? पण प्रीमियम थोडा जास्त गेला तरी रूम रेंटची मर्यादा नसलेलीच घ्या. आणि ॲडमिशनच्या वेळी पेन स्वतःकडे ठेवा. पाहुण्यांना बसायला खुर्ची द्यावी, फॉर्म देऊ नये.

हो, एक राहिलं. जिथे खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत, तिथे ही कपात लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चालाही नाही. तरी लावली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (अशा तक्रारींवर निर्णय देणारा अधिकारी) जा. फी नाही, वकील लागत नाही, मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. आमच्या बाबतीत मात्र कंपनीचं बरोबर होतं, हे दाजी आजही मानत नाहीत.

ते १२ हजारही अजून यायचेत. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःची पॉलिसी व्हॉट्सॲपवर पाठवली, "बघ जरा, नीट आहे ना." रूम रेंट १ टक्का. अजून उत्तर दिलेलं नाही.