युनियनची पावती फाडू का? बाबा नको म्हणतात

प्रश्न : काका नमस्कार, मी आयटीआय फिटर. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत चार वर्षं ट्रेनी म्हणून काढली, आत्ता कुठे कायम झालोय. लगेच युनियनवाले पावती घेऊन आले, वर्गणी दर महिन्याला पगारातून कापणार म्हणे. बाबा म्हणतात त्या नादाला लागू नको, आजोबा लालबागला गिरणीत होते, ८२ च्या संपात बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत, आजीने खानावळ चालवून घर ओढलं. एचआरचे साहेबही म्हणतात काही असलं तर डायरेक्ट माझ्याकडे ये, मध्ये तिसरा कशाला. मग युनियन नक्की करते काय?
– एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : अरे, बाबांची भीती खोटी नाहीये, ज्या घराने ते दिवस काढले त्याला कोणी शहाणपण शिकवू नये. पण तेव्हा नेमकं अडलं कुठे ते बघ. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे उभे, पण १९४६ च्या कायद्याने गिरण्यांमधली मान्यता होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे, म्हणजे कामगार एकीकडे आणि बोलणी करायचा हक्क दुसरीकडेच. संप अधिकृतपणे मागे घेतला असं कधी झालंच नाही. म्हणून पावती फाडायच्या आधी पहिलं हे विचार की तुमच्या युनियनला मान्यता आहे का, मेंबर किती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन श्रम संहिता लागू झाल्यात, त्यात एकाहून जास्त युनियन असतील तर मस्टरवरचे ५१ टक्के कामगार जिच्याकडे, तीच वाटाघाटीला बसणार.

आता युनियन करते काय. लोकांना वाटतं संप आणि गेटवरच्या घोषणा, पण मी पिंपरीत बावीस वर्षं कमिटीत होतो आणि माझा बहुतेक वेळ कागद वाचण्यात गेला. एकदा प्रेस शॉपचा एक ऑपरेटर सकाळी घरी आला, डब्याच्या पिशवीत चार घड्या घातलेली चार्जशीट, सगळी इंग्रजीत. नाईटला माल रिजेक्ट झाला म्हणून निष्काळजीपणाचा आरोप. हात थरथरत होते त्याचे, महिन्याभरावर मुलीचं लग्न. चौकशीत त्याच्या शेजारी मी बसलो आणि शिफ्टचं रजिस्टर मागवलं. त्यात त्यानेच दोन दिवस आधी लिहून ठेवलं होतं की सेन्सर नीट चालत नाहीये, मेंटेनन्सला कळवलंय. आरोप मागे घेतला. एकटा असता तर रजिस्टर मागायचं असतं हेसुद्धा त्याला सुचलं नसतं, भीतीने माफीनामा लिहून मोकळा झाला असता.

एचआरचे साहेब चांगले असतीलही, माझे तर दोन-तीन साहेबांशी घरोब्याचे संबंध होते, पण उद्या त्यांची बदली झाली की त्यांचा तोंडी शब्दही त्यांच्याबरोबर जातो. वेतन करार मात्र कागदावर सह्या होऊन राहतो, आपल्या भागात बहुतेक तीन-चार वर्षांचा असतो, पगारवाढ, कँटीन, बस, मेडिक्लेम, सगळं त्यात येतं. आणि आपण रविवारी घरी असतो ना, तेही कुणी आपणहून दिलेलं नाही. नारायण मेघाजी लोखंडे, मूळचे तुझ्याच खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी लागली.

युनियनमध्ये गेला म्हणून कामगाराला त्रास देणं कायद्याने अनुचित प्रथा आहे, तेवढं घाबरू नकोस.

पण डोळे मिटूनही सही करू नकोस. कमिटीची निवडणूक शेवटची कधी झाली विचार, हिशोब मेंबरांपुढे ठेवतात का विचार. आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे, चार वर्षं तू ट्रेनी होतास तेव्हा यातलं कोणी तुझ्यासाठी तोंड उघडलं का? आज तुझ्याच लाईनवर निम्म्या पगारात उभी असलेली कंत्राटी पोरं यांच्या मागणीपत्रात आहेत का? नसतील तर मेंबर हो आणि पहिल्याच मीटिंगला हा विषय काढ, बाहेर राहून तो निघणार नाही. चालू कराराची कॉपी माग, ती मेंबरला मिळायलाच हवी. बाबांनाही वाचायला दे.