कायरोप्रॅक्टिक ट्रीटमेंट सुरू केल्यावर दुखणं उलट वाढलंय, हे नॉर्मल आहे का?

तुम्ही लिहिलंय की कंबरदुखीसाठी कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे हाताने मणक्याच्या सांध्यांना दाब किंवा झटका देऊन करतात त्या ट्रीटमेंटची, पहिली सिटिंग झाली आणि त्या रात्रीपासून कंबर जास्तच ठणकतेय, अंग आंबलंय, डोकंही जड आहे. आणि 'शरीरातले टॉक्सिन बाहेर पडतायत, दुखलं म्हणजे लागू पडतंय' असं तुम्हाला सांगण्यात आलंय. पुढच्या सिटिंगला जायचं की नाही, हा तुमचा प्रश्न.

दुखणं एक-दोन दिवसांत उतरणीला लागत असेल तर घाबरू नका, असं खूप जणांना होतं. टॉक्सिनचं मात्र मनावर घेऊ नका. मणक्यावर दाब दिल्याने टॉक्सिन बाहेर पडतात, याला काहीही आधार नाही.

मी पाठदुखीसाठी ही ट्रीटमेंट घेतली आहे. पहिल्या वेळी टेबलावरून उठले तेव्हा पाठ एकदम मोकळी वाटत होती. संध्याकाळी मणक्याच्या उजव्या अंगाला, जिथे तळहाताने दाब दिला होता नेमक्या तिथेच, नुसतं बोट टेकवलं तरी कळ यायची. सकाळी सरळ उठून बसता येईना. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग कोपरावर भार देऊन उठायचं, असं करावं लागलं. हिंडायला-फिरायला लागल्यावर हळूहळू सैल झालं.

असं का होतं? ॲडजस्टमेंट करताना सांध्याला छोटासा पण झटकन धक्का देतात. त्यात सांध्याभोवतीचं आवरण आणि बरेच दिवस आखडून राहिलेले स्नायू ताणले जातात. खूप दिवसांनी व्यायाम केल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात ना, बरंचसं तसंच. आणि धक्का देताना येणारा 'कट्' आवाज सरकलेलं हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात अचानक वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. तो आला नाही म्हणजे सिटिंग वाया गेली असं नाही.

नॉर्वेमध्ये कायरोप्रॅक्टरकडे नव्याने आलेल्या हजारभर पेशंटची पाहणी झाली होती, ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या ५५ टक्के लोकांना निदान एकदा तरी काही ना काही त्रास झाला होता. बहुतेकांना दाब दिला त्याच जागी दुखलं, काहींना डोकेदुखी झाली, काहींना थकवा आला. बराचसा त्रास सिटिंगनंतर चार तासांच्या आत सुरू झाला आणि जवळपास तीन चतुर्थांश त्रास २४ तासांत गेला. म्हणजे तुमची लक्षणं अगदी नेहमीच्या यादीतलीच आहेत.

पण याहून मला महत्त्वाचा वाटतो तो २०१३ साली प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियातला प्रयोग. त्यात काही पेशंटना नेहमीची ट्रीटमेंट दिली आणि काहींना नुसती लुटुपुटूची. खऱ्या ट्रीटमेंटनंतर ४२ टक्के लोकांनी त्रास झाल्याचं सांगितलं आणि लुटुपुटूच्या ट्रीटमेंटनंतरही ३३ टक्के लोकांनी! कंबरदुखी मुळातच कमी-जास्त होत असते, आणि सिटिंग झाल्यावर आपलं लक्षही त्या जागेवर जास्त असतं. म्हणून दुखणं वाढलं की ट्रीटमेंट लागू पडली, हा हिशोब मला मुळीच मान्य नाही. तो मानला तर आठवडाभर दुखत राहिलं तरी माणूस निमूटपणे सोसत बसतो.

किती दुखतंय यापेक्षा कुठे दुखतंय ते बघा. कळ आधी पोटरीपर्यंत जात होती आणि आता फक्त कंबरेत किंवा कुल्ल्यात राहिली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते सहसा चांगलं लक्षण मानतात. उलट झालं, म्हणजे कंबरेतलं दुखणं पायात उतरायला लागलं, नव्याने मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर पुढची सिटिंग थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

काही लक्षणांत तर एक दिवसही थांबू नका. लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर थेट हॉस्पिटल गाठा. मानेवर ट्रीटमेंट झाली असेल तर आणखी जपा. कधीच झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी किंवा मानदुखी, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास होणं, ही मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची आणि स्ट्रोकची लक्षणं असू शकतात. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर मिनिटामिनिटाला महत्त्व असतं. कायरोप्रॅक्टरला फोन करून विचारण्यातही वेळ घालवू नका.

आता घरी काय करायचं? अंथरुणाला खिळून राहू नका, थोडं थोडं चालत राहा. टॉवेलमध्ये गुंडाळून बर्फ किंवा गरम पिशवी, ज्याने बरं वाटेल ते, पंधरा-वीस मिनिटं ठेवा. दोन दिवस वजन उचलू नका आणि स्वतःच कंबर पिळून 'कट्' आवाज काढायचा प्रयत्न तर नकोच.

पुढच्या सिटिंगला गेलात तर टेबलावर झोपायच्या आधीच सगळं सांगा. कधी सुरू झालं, कुठे दुखलं, किती तास टिकलं. हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, बरीच वर्षं स्टेरॉइड घेतलं असेल, संधिवात असेल किंवा पूर्वी कॅन्सर झाला असेल, तर तेही सांगा, विचारलं नाही तरी सांगा. धक्का न देता हळुवार हालचाल करून घेण्याची पद्धतही असते, ती मागता येते. मान फिरवायला तुम्ही सरळ नकार देऊ शकता. घरी करायचे व्यायाम आवर्जून विचारून घ्या. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात की कंबरदुखीत अशी ट्रीटमेंट द्यायची तर ती व्यायामाच्या जोडीनेच द्यावी. आणि एवढं सांगूनही 'दुखणारच, उद्या या' एवढंच उत्तर मिळालं, तर मी तरी तिथे पुन्हा जाणार नाही.