इंग्रज सरकारच्या पलटणीतून पेन्शन घेऊन कोकणात परतलेल्या शिपायाला शेतजमीन बक्षीस मिळत असे का? त्याच्या कुटुंबाचे जीवन कसे असे?

आपले खापरपणजोबा मुंबई इलाख्याच्या पलटणीत होते, पेन्शनीवर दापोली तालुक्यातील गावी येऊन शेतकरी झाले आणि ती जमीन सरकारने त्यांना शौर्याबद्दल दिली, असे आपल्या घरात सांगतात. हे खरे असेल का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की बहुधा खरे नसावे. आमच्याही घरात हेच सांगितले जाते आणि त्यावरून माझ्या थोरल्या चुलत्यांशी माझा जुना वाद आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रत्नागिरी जिल्हा हे मुंबईच्या फौजेचे मोठे भरतीचे क्षेत्र होते. मराठे, कुणबी, महार अशा घरांतील मुले पलटणीत जात, कारण डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नाचणी-वरी काढून वर्ष निघत नसे आणि शिपायाला महिना 7 रुपये रोख मिळत. हा पगार 1895 पर्यंत वाढला नाही. पेन्शन त्याहूनही कमी असे, परंतु ज्या गावात सगळा व्यवहार भातावर चाले, तेथे ठरलेल्या तारखेला हाती येणाऱ्या नाण्यांचे मोल फार होते. जमीन मात्र खोताकडे, म्हणजे गावचा सारा वसूल करून सरकारात भरणाऱ्या वतनदाराकडे होती. पंजाबात कालव्यांच्या नव्या वसाहतींत पेन्शनर शिपायांना जमिनी मिळाल्या, ही गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे. आपल्याकडे ती ऐकून लोकांनी स्वतःच्या घराला लावून घेतली, असे मला वाटते. खोती गावात साध्या शिपायाला वाटून देण्यासाठी सरकारजवळ भाताचे मळे मोकळे पडलेले नव्हते.

आमचे खापरपणजोबा 19 व्या मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीत होते. त्यांचे दुसऱ्या अफगाण युद्धाचे चांदीचे पदक चुलत्यांकडे आहे. एका बाजूस राणी व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूस कूच करणारी फौज आणि तोफ वाहणारा हत्ती, खाली 1878-79-80 ही वर्षे. कडेवर भिंग धरून पाहिले की शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण वाचता येते. अफगाणिस्तानात मैवंद येथे इंग्रज फौजेचा पराभव 27 जुलै 1880 रोजी झाला, त्यानंतर कंदाहारला वेढा पडला आणि 16 ऑगस्टला देह ख्वाजा या गावावर इंग्रज फौजेने जो फसलेला हल्ला केला, त्यात ही पलटण होती. त्या दिवशी त्यांच्या गुडघ्यात गोळी लागली, असे घरात सर्वजण सांगतात आणि त्याविषयी आमच्यात मतभेद नाही. मतभेद पुढे सुरू होतो. चुलत्यांनी छापून घेतलेल्या कुलवृत्तांतात लिहिले आहे की या शौर्याबद्दल सरकारने त्यांना मळ्याची जमीन इनाम दिली आणि पुढे त्यांनी ती स्वकष्टाने पिकवली.

मी खोती कायद्यानंतरच्या मोजणीत तयार झालेल्या बोटखताची, म्हणजे कोणती जमीन कोणत्या कुळाकडे आहे या नोंदीची नक्कल काढली. त्यात तो मळा खोताच्या गावठाणालगत दाखवलेला असून कूळ म्हणून खापरपणजोबांच्या धाकट्या भावाचे नाव आहे. इनामाचा उल्लेख कोठेही नाही. ही जमीन आमच्या नावावर झाली ती 1949 च्या खोती निर्मूलन कायद्यानंतर, आणि तो फेरफारही माझ्याकडे आहे. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात मांडले होते. ते स्वतः रत्नागिरीच्या पेन्शनर सुभेदाराचे चिरंजीव. आमच्या सातबाऱ्यावर नाव चढण्यामागे कंदाहारपेक्षा त्या लढ्याचा वाटा अधिक आहे, हे मी चुलत्यांना तोंडावर सांगितले आहे.

आता 'स्वकष्टाने' याविषयी. ज्या माणसाचा गुडघा वाकत नाही, तो चिखलात उभा राहून लावणी करू शकत नाही. ते पलटणीत असताना आणि परतल्यानंतरही शेत केले ते खापरपणजीने, दिराला बरोबर घेऊन. माझी आजी नवी सून म्हणून या घरात आली तेव्हा ती म्हातारी हयात होती. आजी सांगे की तिने प्रत्येक कुणग्याला, म्हणजे भाताच्या लहान वाफ्याला नाव ठेवले होते, कोणत्या कुणग्यात पाणी कोठून शिरते आणि बांध कोठे फुटतो हे ती घरी बसून सांगे, आणि भाजावळीला, म्हणजे रोपासाठी जमीन भाजण्याला, कवळ (तोडलेल्या डहाळ्या) किती लागेल याचा तिचा अंदाज चुकत नसे. दसऱ्यानंतर खोताचा माणूस अभावणीला, म्हणजे उभ्या पिकाचा अंदाज बांधण्यास येई, तेव्हा ती त्याच्याबरोबर बांधाबांधाने फिरे आणि लोळलेले, किडलेले भात हाताने उचलून दाखवी, कारण अंदाज एका मणाने वाढला की अर्धेलीतला, म्हणजे खोताच्या निम्म्या वाट्यातला, अर्धा मण मुलांच्या तोंडचा जाई. नवरा कंदाहारात असलेल्या त्या पावसाळ्यातही लावणी वेळेवर झाली होती. कुलवृत्तांतात तिच्याविषयी एक ओळ आहे आणि तीत फक्त तिचे माहेर दिले आहे.

खापरपणजोबांनी काहीच केले नाही, असे मात्र मी म्हणत नाही. पलटणीतल्या शाळेत ते वाचायला शिकले होते. खोताला दिलेल्या प्रत्येक मापाची पावती ते मागून घेत, आणि त्या पावत्यांमुळेच पुढे आमचे कुळपण टिकले. पेन्शनीतून त्यांनी बैलजोडी घेतली आणि मुलाला शाळेत घातले. पेन्शनर घरांची खरी मिळकत ही साक्षरताच होती. महार समाजातील गोपाळबाबा वलंगकर 1886 च्या सुमारास पलटणीतून निवृत्त झाले आणि त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवली. महार पेन्शनरांना तर पाणवठाही मोकळा नव्हता, मग जमीन कोठून मिळणार?

आपण पदकाची कड वाचून पलटण निश्चित करा, मग बोटखत आणि 1949 नंतरचे फेरफार काढा. बोटखतात नाव शिपायाचे नसून भावाचे वा बापाचे असेल, तर तो नोकरीत असताना शेत कोणी केले हे घरातल्या वृद्ध स्त्रियांना विचारा आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवा. पुरुषांना पदकापलीकडे फारसे ठाऊक नसते. माझे हे सारे विवेचन खोती मुलखापुरते आहे. देशावर रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरत असे, तेथे पेन्शनीच्या पैशातून शेत विकत घेणे शक्य होते. सुभेदार किंवा सरदार बहादूर दर्जाच्या अंमलदारांना क्वचित जमीन मिळाल्याचीही उदाहरणे आहेत, तेव्हा आपल्या पूर्वजांचा हुद्दा आधी तपासावा. आमचे शेवटपर्यंत शिपाईच होते. चुलते हे वाचत असतील तर पुढच्या आवृत्तीत इनामाचे वाक्य काढून त्या जागी खापरपणजीचे नाव घालावे. छपाईचा खर्च मी देईन.